अकरावी सुरळी

१

शनिवार, दिनांक १४ जुलै २००७. स्थळ : साउथ डकोटा राज्यातील पेल क्रीक फॉसिल पार्क, तेथील प्रयोगशाळा. दुपारचे बारा वाजून दहा मिनिटे झालेली असताना, चार व्यक्तींच्या समक्ष, नमुना क्रमांक सतराचे वेष्टन उघडण्यात आले. आणि तीन कोटी तीस लक्ष वर्षांपूर्वीच्या घोड्याच्या जबड्याऐवजी त्यातून पोळी निघाली.

पोळी हा शब्द येथे शब्दशः घ्यावा. गव्हाच्या पिठाची, तव्यावर भाजलेली, गूळ आणि तूप लावून घट्ट सुरळी केलेली ती पोळी होती. चकचकीत फॉइलमधून ती बाहेर येताच दगडाच्या धुळीने भरलेल्या त्या खोलीत वेलदोड्यांचा वास पसरला.

पार्कच्या प्रमुख मार्था लिंडग्रेन हातात चिमटा धरून क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. हाडांच्या सहवासात तीस वर्षे काढल्यामुळे आश्चर्य वाटण्याची सवय त्यांना उरलेली नव्हती.

"आसावरी," त्या इंग्रजीत म्हणाल्या, "याचे दात कुठे आहेत?"

आसावरी सरंजामेने फॉइलमध्ये पुन्हा डोकावून पाहिले. पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज येथे ती भूशास्त्रात पीएच.डी. करीत होती आणि उन्हाळ्यापुरती या पार्कमध्ये प्रशिक्षणार्थी म्हणून आली होती. तो जबडा तिनेच शोधला होता. कुत्र्याएवढ्या, पायाला तीन बोटे असलेल्या प्राचीन घोड्याच्या शिंगराचा तो जबडा. त्यात दुधाचे दात शाबूत होते, आणि तिच्या प्रबंधाचे दुसरे प्रकरण त्या दातांवर उभे राहायचे होते. त्यासाठीच एका संग्रहालयाचे एक तज्ज्ञ शेजारच्या खोलीत कॉफी पीत बसले होते. तीन वाजता ते जबडा घेऊन विमानतळाकडे निघणार होते.

"लेबल तुझं, सही तुझी," लिंडग्रेनबाई म्हणाल्या. "तीन वाजेपर्यंत जबडा या टेबलावर आला नाही, तर मला हरवल्याचा अहवाल लिहावा लागेल. अहवाल लिहिला की तुझं प्रशिक्षण आजच संपतं. हा नियम मी केलेला नाही. पण आजवर मोडलेलाही नाही."

पार्कचा मार्गदर्शक देव भिंतीला टेकून उभा होता. त्याचा जन्म न्यू जर्सीतला, आईवडील मराठी. मराठी त्याला समजत असे आणि भूक लागल्यावर बऱ्यापैकी बोलताही येत असे. तो हळूच म्हणाला, "काकू, इट्स द स्वीट वन."

काकू म्हणजे अहिल्याबाई मुंडले, आसावरीची मावशी. नागपूरच्या एका शाळेत एकतीस वर्षे रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी चष्मा नाकावर सरकवला, सुरळीचा वास घेतला, फॉइल उलटसुलट करून पाहिली आणि सरळ उभ्या राहिल्या.

"सुरळी माझी आहे. खोटं कशाला बोलू? पण ती इथं कशी आली ते मला ठाऊक नाही. आसावरी, बाईंना सांग, तीन वाजेपर्यंत मला चौकशी करू द्या."

"मावशी, त्या विचारतायत, तुला यातला काय अनुभव आहे?"

"सांग त्यांना, एकतीस वर्षं परीक्षेच्या हॉलमध्ये सुपरव्हिजन केलंय. पोरांनी लपवलेलं मी मोज्यातून काढलंय, कंपासपेटीच्या तळातून काढलंय. एकदा तर एकीच्या वेणीतून काढलंय."

आसावरीने भाषांतर केले. "वेणीतून?" लिंडग्रेनबाईंनी विचारले, आणि मान डोलावली.

एक गोष्ट मात्र अहिल्याबाईंनी सांगितली नाही. गूळ-तुपाची सुरळी त्यांनी त्या दिवशी एकच केली होती. आणि ती त्यांनी सकाळी स्वतःच्या हाताने ज्या माणसाला दिली होती, त्याचे नाव त्यांना या खोलीत उच्चारायचे नव्हते.

२

अहिल्याबाई पार्सिपनीला मुलीकडे सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. मुलगी नेत्रा आणि जावई राजेश, दोघेही संगणकाच्या नोकरीत. अकरा वर्षांची नात रुही. आसावरी कोठे काम करते ते एकदा डोळ्यांनी पाहावे, म्हणून चौघे विमानाने आले होते आणि पार्कजवळ, स्वयंपाकाची सोय असलेल्या एका केबिनमध्ये उतरले होते.

सकाळी सहाला अहिल्याबाईंनी तवा ठेवला. राजेशने सुचवून पाहिले, "आई, वाटेत सँडविच मिळतील."

"घरात कुणी नसलं की माणसं सँडविच खातात, राजेशराव. मी आहे ना."

धुराची घंटा दोनदा वाजली. दोन्ही वेळा राजेश तिच्याखाली उभा राहून टॉवेलने वारा घालत होता. सात वाजता दहा सुरळ्या तयार होत्या : नऊ बटाट्याच्या भाजीच्या आणि एक गूळ-तुपाची. जावयाची बोळवण नुसत्या बटाट्यावर करणे अहिल्याबाईंच्या हिशेबात बसत नव्हते. नऊ पुड्यांच्या फॉइलची टोके त्यांनी दुमडली. दहाव्याची, ओळखू यावा म्हणून, पेपरमिंटच्या गोळीच्या कागदासारखी पिळली.

आठ वाजता चालणे सुरू झाले. आसावरी आणि देव वाट दाखवायला बरोबर होते. या प्रदेशाला इंग्रजीत वाईट जमीन म्हणतात. ज्याने हे नाव ठेवले त्याला तेथे बहुधा पीक घ्यायचे असावे. पाहणाऱ्याला तक्रारीस जागा नव्हती. पांढरट मातीचे सुळके, त्यांवर गुलाबी आणि करड्या रंगांचे आडवे पट्टे, पायाखाली वाळून लाह्यांसारखी फुललेली माती, आणि दूर गवतात एक गवा, जो अर्धा तास जागचा हलला नाही.

"तो खरा आहे का, की यांनी ठेवलाय?" अहिल्याबाईंनी विचारले.

"काकू, त्याला विचारायला जवळ जाऊ नका, एवढंच," देव म्हणाला. मग त्याने प्रत्येक गुलाबी पट्टा म्हणजे एकेका काळची जमीन कशी, ते सांगितले, आणि पार्कचा नियमही : एक खडासुद्धा खिशात घालायचा नाही. रुहीने निमूटपणे खिसा रिकामा केला. तीन खडे निघाले.

दहाला मंडळी आसावरीच्या जागेवर पोहोचली. तेथे एका खुरट्या ज्युनिपरच्या सावलीत अहिल्याबाईंनी पिशवी उघडली, आणि सर्वांनी खाऊन घेतले. पलीकडे दहा पावलांवर आसावरीने जबडा मातीतून सोडवला. तो तिने टॉयलेट पेपरच्या जाड थरात गुंडाळला (हाडे गोळा करणारे बहुतेक सगळे हेच करतात, हे ऐकून अहिल्याबाईंनी कपाळाला हात लावला), त्यावर फॉइल लपेटली, आणि देवच्या पाठपिशवीतून पेटी आणायला गेली. परत येऊन तिने पुड्यावर चिकटपट्टी लावली, क्रमांक सतरा लिहिला, सही केली, पुडा पेटीत ठेवून कुलूप लावले. साडेअकराला पार्कची सहलीची बस आली आणि बाराला सर्वांना प्रयोगशाळेपाशी उतरवून पुढच्या फेरीस गेली.

आता प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर बसून अहिल्याबाईंनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला : किती खाल्ल्या? त्यांनी स्वतः एक, रुहीने एक, आसावरीने एक, नेत्राने दोन, देवने दोन, राजेशने तीन. एकूण दहा.

केल्या दहा. खाल्ल्या दहा. आणि आत टेबलावर अकरावी होती.

३

लिंडग्रेनबाईंचा संशय देववर होता आणि तो अगदीच निराधार नव्हता. पेटी त्यानेच वाहून आणली होती. किल्लीही त्याच्या खिशात होती. शिवाय त्या जबड्यावरून त्याचे आणि आसावरीचे आठवडाभर वाजले होते.

अहिल्याबाई त्याला कॉटनवुडच्या झाडाखाली घेऊन गेल्या.

"का भांडलात?"

"काकू, मी मॅड होतो, हे खरं आहे. त्या स्लोपवरून मी जूनमध्ये वीस वेळा गेलो, यार. सॉरी, काकू. वीस वेळा. आणि ही येते, पहिल्याच आठवड्यात बूट बांधायला खाली वाकते, आणि समोर जबडा."

"म्हणजे वाकायचं राहिलं तुझं."

"तेच ती पण म्हणाली. म्हणून भांडलो."

"सुरळ्या दोन खाल्ल्यास?"

"दोन. तिसरी मागायला लाजलो." त्याने मान खाली घातली. "मी चेंज केला असता, काकू, तर आत दगड ठेवला असता. इथं दगड खूप आहेत. पोळी का ठेवीन? ती मी खाल्ली असती."

हा युक्तिवाद अहिल्याबाईंना पटला. पण पटणे आणि सिद्ध होणे यांत त्या फरक करीत. त्या पुन्हा आत गेल्या आणि त्यांनी कापलेली फॉइल उजेडात धरली. लिंडग्रेनबाईंनी ती ब्लेडने मधोमध कापली होती. टोकाची चिकटपट्टी जशीच्या तशी होती. आसावरीची सही निम्मी पट्टीवर आणि निम्मी फॉइलवर पडलेली, आणि दोन्ही निम्म्यांची रेघ केसभरही सरकलेली नव्हती.

"अशी सही करायला तुला कुणी शिकवलं?"

"तूच, मावशी. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांवर तू करायचीस तशी."

"मग बाईंना सांग, ही पट्टी लावल्यावर पुन्हा निघालेली नाही. पेटी देवनं वाहिली काय किंवा राष्ट्राध्यक्षांनी वाहिली काय, आतलं बदलणं शक्य नव्हतं. सही झाली तेव्हाच या पुड्यात पोळी होती. पोरगा निर्दोष आहे."

लिंडग्रेनबाईंनी फॉइल स्वतः पाहिली आणि देवकडे वळून म्हणाल्या, "माफ कर." देवने खांदे उडवले, पण तो पहिल्यांदाच बसला.

या निष्कर्षाची दुसरी बाजू कोणी बोलून दाखवली नाही. अदलाबदल सहीच्या आधी झाली असेल, तर ती ज्युनिपरच्या सावलीत झाली. आणि त्या सावलीत, देव सोडला, तर सगळी घरचीच माणसे होती.

४

रुही प्रयोगशाळेबाहेर उभ्या असलेल्या त्यांच्या भाड्याच्या व्हॅनच्या पायरीवर बसून आपल्या नव्या डिजिटल कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहत होती.

"आजी, आय डिडन्ट टेक एनिथिंग. ते तीन खडे पण परत ठेवले."

"ठाऊक आहे गं. फोटो किती काढलेस?"

"टू हंड्रेड अँड फोर्टीन. वन फिफ्टी आर ऑफ द सेम बायसन."

"गवा नको. आपण खात होतो तेव्हाचे दाखव. यात वेळ दिसते ना?"

प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात वेळ होती. दहा वाजून बावीस : राजेश हातात फोन घेऊन उंच कड्याकडे चढताना, पाठमोरा. "ऑफिसचा कॉल," रुही म्हणाली. "खाली सिग्नल नव्हता. इट वॉज सॅटर्डे, बट डॅडी सेड प्रॉडक्शन इज डाउन." दहा बत्तीस : नेत्रा वाकलेली, समोर सपाट दगडावर तिचा निळा स्कार्फ पसरलेला. दहा एक्केचाळीस : आसावरी गुडघ्यांवर बसून पुड्यावर सही करते आहे, आणि तिच्या मागे, वर, आकाशाला टेकलेल्या कड्यावर एक तांबडा ठिपका.

"हे काय?"

"डॅडीज कॅप. स्टिल ऑन द फोन. ही केम डाउन मच लेटर."

अहिल्याबाईंनी तो ठिपका पुष्कळ वेळ न्याहाळला. बारा वाजून दहा मिनिटांपासून त्यांच्या छातीवर जे ओझे होते, ते त्या ठिपक्याने उतरवले. ज्या माणसाला त्यांनी गूळ-तुपाची सुरळी दिली होती, तो सहीच्या वेळी शंभर फूट उंचीवर होता. आणि सुरळी त्यांनी त्याला दिली होती तो खाली उतरल्यावर. ती पेटीत घालायला तो तेथे नव्हताच. म्हणजे चोर जावई नव्हता. सासूच्या आयुष्यात याहून मोठा दिलासा क्वचितच मिळतो.

पण मग त्यांनी त्याला दिले ते काय होते?

त्या नेत्राकडे गेल्या. नेत्रा व्हॅनच्या मागच्या बाजूस पाण्याच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावीत होती.

"स्कार्फवर काय मांडत होतीस तू?"

"पुडे. मुंग्या आल्या होत्या, आई. सगळं जमिनीवर विखुरलेलं. तुझं इथे, आसावरीचं तिथे. मी दिसतील तेवढे चकचकीत पुडे उचलले आणि स्कार्फवर ओळीत ठेवले. तेवढं तरी नको का करायला?"

"किती होते?"

"मी काय मोजत बसले? चार, पाच."

"आणि राजेशरावांनी तिसरी खाल्ली ना?"

नेत्राने एक बाटली उचलून पुन्हा त्याच जागी ठेवली. "खाल्ली म्हणाले ना ते. आई, तू त्यांना किती खायला लावतेस."

परीक्षेच्या हॉलमध्ये उत्तर येत नसलेला विद्यार्थी छताकडे पाहतो आणि लपवलेला विद्यार्थी पर्यवेक्षकाकडे पाहायचे टाळतो, असे अहिल्याबाईंचे निरीक्षण होते. नेत्रा बाटल्यांकडे पाहत होती.

राजेश पुढच्या सीटवर नकाशा उलगडून बसला होता. सासूबाईंना पाहताच तो उतरून उभा राहिला.

"बसा, बसा. राजेशराव, एक विचारायचं राहिलं. तिन्ही आवडल्या ना?"

"आई, काय विचारता. भाजी तर छानच. आणि शेवटची म्हणजे..." त्याने डोळे मिटले. "गूळ अगदी बेताचा. वेलदोडाही जेवढ्यास तेवढा. पार्सिपनीत असं कुठे मिळतं?"

अहिल्याबाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. त्या गूळ-तुपाच्या सुरळीला अजून कोणाचा दातही लागला नव्हता. ती आत टेबलावर, लिंडग्रेनबाईंच्या चिमट्याशेजारी, अखंड पडलेली होती.

दोनला दहा मिनिटे कमी होती.

५

सर्वांना त्यांनी प्रयोगशाळेत बोलावले. आसावरीने भाषांतराची जबाबदारी घेतली.

"मावशी, तासच उरलाय."

"तेवढा पुरतो. बसा सगळे." अहिल्याबाई स्वतः उभ्याच राहिल्या. "पिळलेल्या टोकांचा पुडा मी एकच केला होता. आसावरी, तुझ्या जबड्याच्या पुड्याची टोकं तू कशी बंद केलीस?"

आसावरीने हवेत बोटे फिरवली. दोन्ही हातांनी, उलट दिशांना. मग ती थांबली. "पिळली. मी नेहमी पिळते. इथे बाकी सगळे दुमडतात, मला हसतात. पण संक्रांतीला तुझ्याकडे तिळाच्या वड्या गुंडाळायला बसायचो ना आम्ही बहिणी..."

"बटर पेपरमध्ये. मीच शिकवलं. म्हणजे पिळलेले पुडे दोन झाले : एकात जबडा, एकात गूळ. तू पेटी आणायला गेलीस. तेवढ्यात मुंग्या आल्या, आणि या बाईसाहेबांनी दोन्ही पुडे बटाट्याच्या पुड्यांबरोबर एका ओळीत मांडले."

"मी नीटच ठेवले होते," नेत्रा म्हणाली.

"फार नीट ठेवलेस. तिथंच घोटाळा झाला."

येथे एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो लिंडग्रेनबाईंनी घेतलाच : हाड आणि पोळी यांतला फरक हाताला कळत नाही? आसावरीने उत्तर दिले. जबडा वीतभर लांब, बोटाएवढा जाड. त्याभोवती कागदाचे इतके थर, की वरून तो मऊच लागतो. सुरळीत तूप आणि गूळ सढळ असल्याने तीही हलकी नव्हती. शिवाय उन्हात, घाईत, समोर पिळलेल्या टोकांचा पुडा दिसला की तो आपलाच, याबद्दल मावशी-भाची दोघींपैकी कोणालाच शंका घ्यायचे कारण नव्हते. कारण असा पुडा आणखी कोणी बांधतो हे दोघींच्याही ध्यानात नव्हते.

"तर आसावरीनं माझ्या सुरळीवर सही केली," अहिल्याबाई म्हणाल्या. "अकराच्या सुमारास राजेशराव खाली आले. मी उरलेला पिळलेला पुडा घेतला आणि त्यांच्या हातात दिला. तुमची गूळ-तुपाची, म्हणून सांगितलं. हा जबडा कुणी चोरला असेल तर तो मी."

देवने राजेशकडे पाहिले. "वेट. मग अंकलनी जबडा खाल्ला?"

"राजेशरावांनी काहीच खाल्लं नाही. खाल्लं असतं तर दात आधी त्यांना सापडले असते. पुडा त्यांनी उघडलाच नाही. आणि तरी गूळ बेताचा होता म्हणाले." त्या जावयाकडे वळल्या. आयुष्यात प्रथमच त्यांनी जावयाला सर्वांसमक्ष उलटा प्रश्न विचारायचे ठरवले होते, आणि ते त्यांना जड जात होते. "राजेशराव, सासूनं दिलेलं तुम्ही नाकारणार नाही. काही कारणानं खाणार नाही. आणि तुमच्या आईनं तुम्हांला वाढवलंय त्यावरून सांगते, अन्न तुम्ही कचऱ्यात टाकणार नाही. मग उरतं एकच. ती तुम्ही कुणाला दिलीत?"

राजेशने घसा साफ केला. मग नेत्राकडे पाहिले.

"सांगून टाका आता," नेत्रा म्हणाली. "आई, त्यांची शुगर बॉर्डरवर आहे. मे महिन्यात कळलं. गोड बंद केलंय. तू येणार म्हणून इतकी खूश होतीस, रोज काहीतरी गोड करतेस... आम्ही म्हटलं, सहा महिने निभावून नेऊ."

"मे महिन्यात," अहिल्याबाई म्हणाल्या. "म्हणजे शिरा?"

"यांच्या ऑफिसमधल्या रमेशला," नेत्रा म्हणाली.

"बेसनाचे लाडू?"

"तेही रमेशला. त्याचं वजन वाढलंय, आई."

"आणि आज?"

"वॉल्टरला," राजेश म्हणाला. "बसच्या ड्रायव्हरला. उतरताना दिली. त्यांना म्हटलं, माझ्या सासूबाईंनी केलंय, फार चांगलं असतं."

लिंडग्रेनबाईंनी भाषांतर पुरे व्हायच्या आधीच वायरलेस उचलला. वॉल्टर हे नाव त्यांना कोणत्याही भाषेत समजत होते. त्यांनी तीनदा हाक दिली. उत्तरादाखल फक्त खरखर आली. बस दुपारच्या लांब फेरीवर होती, दरीच्या तळाशी, आणि तेथे आवाज पोहोचत नसे. ती परत यायची पावणेतीनला.

"आणि वॉल्टर जेवतो कधी?" आसावरीने विचारले.

लिंडग्रेनबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. "दोन वाजता," त्या म्हणाल्या.

दोन वाजून पाच मिनिटे झाली होती.

६

पुढची चाळीस मिनिटे सर्वांनी बसथांब्यावर उन्हात उभे राहून काढली. संग्रहालयाचे तज्ज्ञही बॅग घेऊन बाहेर आले; त्यांना काय चालले आहे हे विचारण्याचा धीर झाला नाही. राजेश दोनदा आसावरीजवळ गेला आणि दोनदा काही न बोलता परत आला. तिसऱ्यांदा तीच म्हणाली, "जिजाजी, तुम्ही कचऱ्यात टाकला नाहीत, हेच खूप आहे."

पावणेतीनला धूळ दिसली आणि धुळीतून पांढरी बस बाहेर आली. सत्तरी उलटलेला वॉल्टर, पूर्वीचा गुराखी, सावकाश खाली उतरला, आणि समोर नऊ डोळ्यांच्या जोड्या आपल्यावर रोखलेल्या पाहून त्याने टोपी काढली. नववी जोडी गव्याची होती. तो आता रस्त्याकडेला येऊन उभा होता.

"वॉल्टर," लिंडग्रेनबाई म्हणाल्या, "तुला बाराला या गृहस्थांनी काही खायला दिलं होतं."

वॉल्टर लाजला. त्याने जेवणाचा डबा उघडला आणि पिळलेल्या टोकांचा, चकचकीत, न उघडलेला पुडा बाहेर काढला.

"खरं सांगतो," तो राजेशला म्हणाला, "मी दाबून पाहिला. वरून मऊ लागला, पण आत फार कडक वाटला. तुम्ही इतक्या प्रेमानं दिलात, सासूबाईंनी केलंय म्हणालात. तेव्हा काही बोलणं बरं दिसेना. म्हटलं, घरी नेऊ आणि कॉफीत बुडवून खाऊ."

आसावरीने हे मराठीत सांगितले तेव्हा अहिल्याबाईंनी पहिल्यांदाच त्या म्हाताऱ्याकडे नीट पाहिले. कोणी प्रेमाने दिलेले नाकारू नये, एवढ्यासाठी दगड कॉफीत बुडवायला तयार असलेला माणूस त्यांना नागपूरबाहेर प्रथमच भेटत होता.

लिंडग्रेनबाईंनी पुडा प्रयोगशाळेत नेला, उघडला, कागदाचे थर एकेक करून सोडवले. दुधाचे दात ओळीने बसलेले होते. एकही हललेला नव्हता. तज्ज्ञांनी वाकून भिंग लावले आणि त्यांच्या तोंडून जो उद्गार निघाला तो कोणत्याही भाषेत कौतुकाचाच ठरला असता. दोन वाजून छप्पन्न मिनिटांनी आसावरीने नव्या चिकटपट्टीवर सतरा हा आकडा लिहिला, आणि सही करण्याआधी पुड्याची टोके, पिळलेली सोडवून, दुमडली.

"आता तरी दुमडायला शिकलीस," देव म्हणाला.

"तू आधी वाकायला शीक."

टेबलावरच्या खऱ्या सुरळीचे काय करायचे, हा प्रश्न अहिल्याबाईंनी स्वतः सोडवला. त्यांनी ती बशीत घालून वॉल्टरला दिली. त्याने एक घास घेतला, थांबला, आणि उरलेली कोणाला द्यावी लागू नये म्हणून खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. देव त्या पाठीकडे पाहत राहिला.

"तुला उद्या देते," अहिल्याबाई त्याला म्हणाल्या. "तीन. मागायला लाजू नकोस." मग जावयाकडे वळून, "आणि राजेशराव, उद्यापासून तुमची भाजीची. नको असेल तेव्हा नको म्हणायचं. मला राग येईल. पण तो मी काढीन नेत्रावर."

"माझ्यावर का?"

"मे महिन्यापासून लपवलंस म्हणून."

राजेश हसला. "आई, आता अगदी खरं सांगू? आज सकाळची भाजी जरा खारट होती."

"कळलं मला ते," अहिल्याबाई म्हणाल्या. "मीही एकच खाल्ली, ती का उगाच?"

लिंडग्रेनबाई टेबलामागे जाऊन बसल्या. त्यांच्यापुढे नोंदवही उघडी होती, आणि नमुना क्रमांक सतरापुढचा रकाना कोरा होता. त्यांनी पेन उचलले, आणि अहिल्याबाईंकडे पाहून, एका परीक्षकाने दुसऱ्याला विचारावे तसे विचारले, "निष्कर्ष काय लिहू?"

आसावरीने प्रश्न मराठीत सांगितला. अहिल्याबाईंनी पदर सावरला.

"लिहा," त्या म्हणाल्या. "चोरी झालेली नाही. आग्रह झाला, आणि तो मी केला."